आईची ‘क्लोथो’ जनुकाची तपासणी करावी का?

फोंड्याच्या एका वाचक भगिनींनी विचारलंय ते थोडक्यात असं. आई ७४ वर्षांची. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत. वर्षभरापासून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, आणि दोनदा गॅस पेटता ठेवून देवळात गेली. पुण्याला असणाऱ्या भावानं मोबाइलवर एक मजकूर पाठवला: ‘क्लोथो’ नावाचं जनुक चांगलं असेल तर म्हातारपण मेंदूला शिवत नाही. लाळेचा नमुना पाठवून आईची तपासणी करून घेऊ, क्लोथो वाढवणाऱ्या गोळ्याही मिळतात, असं त्याचं म्हणणं. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘‘मी ४८ ची आहे. आईला होतंय ते मलाही होणार का, हे आधीच कळलेलं बरं नव्हे का?’’

आधी उत्तर देतो, कारणं मग सांगतो. आईची ही तपासणी करू नका. गोळ्या तर मुळीच आणू नका. आईला पुढच्या पंधरा दिवसांत प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवा, कारण गॅसचा प्रसंग दोनदा घडलाय आणि तिसऱ्याची वाट बघण्यात अर्थ नाही. तुमच्या स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबचं आहे, तिथं सावकाश येतो.

क्लोथो हे थोतांड नव्हे, हे मात्र तुमच्या भावाच्या बाजूनं सांगायला हवं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत म्हातारपणाविषयी जे संशोधन झालं, त्यातली ही मला सर्वांत ओढ लावणारी गोष्ट आहे. सुरुवातही योगायोगानं झाली. जपानमध्ये माकोतो कुरो-ओ नावाचे शास्त्रज्ञ रक्तदाबाचा अभ्यास करत होते. त्यासाठी उंदरांच्या पेशींत बाहेरून एक जनुक घालत होते. असं घातलेलं जनुक नेमकं कुठं जाऊन बसेल, हे आपल्या हातात नसतं. उंदरांच्या एका वंशात ते भलत्याच जागी बसलं आणि तिथलं मूळचं जनुक मोडलं. ती पिल्लं जन्मली तेव्हा धडधाकट होती. तीन-चार आठवड्यांची झाली आणि वाढ खुंटली. मग रक्तवाहिन्या कडक झाल्या, हाडं ठिसूळ झाली, कातडी पातळ पडली, फुप्फुसं फुगली, आणि साधारण दोन महिन्यांत ती मेली. साधा उंदीर दोन-अडीच वर्षं जगतो. म्हणजे माणसाला सत्तरीत जे जे होतं ते त्या पिल्लांना काही आठवड्यांतच झालं.

हा शोध १९९७ साली प्रसिद्ध झाला. मोडलेल्या जनुकाला त्यांनी ‘क्लोथो’ हे नाव दिलं. ग्रीक पुराणात माणसाच्या आयुष्याचा धागा कातणारी देवता आहे, तिचं हे नाव. आपल्याकडे सटी सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात, तशीच ती. पुढं २००५ मध्ये उलटा प्रयोग झाला. उंदरांच्या शरीरात क्लोथो जास्त तयार होईल अशी व्यवस्था केली, तर ते साधारण २० ते ३० टक्के जास्त जगले.

हे जनुक जे प्रथिन बनवतं, ते सर्वांत जास्त कुठं तयार होतं? मूत्रपिंडात. मेंदूतही बनतं, पण मुख्यतः मेंदूच्या पोकळ्यांमध्ये पाणी झिरपवणाऱ्या जाळीत. विचार करणाऱ्या पेशींत त्याचं प्रमाण बरंच कमी. मूत्रपिंडात त्याचं काम अगदी घरगुती आहे. अंगातलं जास्तीचं फॉस्फेट लघवीवाटे बाहेर टाकायचा हुकूम हाडांतून एका संप्रेरकाच्या रूपानं येतो. तो मूत्रपिंडाला ऐकू यायचा तर क्लोथो जागेवर असावं लागतं. ते नसलं तर फॉस्फेट साचतं, चुन्यासारखे क्षार रक्तवाहिन्यांच्या भिंतींत बसतात. त्या अकाली म्हाताऱ्या झालेल्या उंदरांच्या खाण्यातलं फॉस्फेट कमी केलं, तर त्यांचे बरेच दोष मागे हटले. मूत्रपिंड अधू झालं की माणसाच्या अंगातलं क्लोथोही घटतं, आणि मूत्रपिंडाच्या जुन्या रुग्णांची बुद्धी मंदावते हे आम्ही रोज बघतो. त्यामागं इतरही कारणं असतात, सगळा दोष क्लोथोच्या माथी मारता येत नाही. पण मेंदूची काळजी घ्यायची तर लघवीची आणि रक्तदाबाची काळजी आधी घ्या, असं मी सांगतो तेव्हा नातेवाईक जरा चमकतात, आणि माझ्या मनात हा सगळा धागा असतो.

आता तुमच्या भावानं पाठवलेल्या मजकुराचा गाभा. माणसात हे जनुक १३ व्या गुणसूत्रावर आहे. त्याचा एक बदललेला प्रकार आहे, त्याला शास्त्रज्ञ ‘केएल-व्हीएस’ म्हणतात. प्रथिनाच्या लांबलचक साखळीतले दोन मणी त्यात वेगळे असतात, एवढाच फरक. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत साधारण चार-पाच माणसांमागे एकाकडे या प्रकाराची एक प्रत असते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डीना दुबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ५२ ते ८५ वर्षांच्या ७०० हून अधिक लोकांची तपासणी प्रसिद्ध केली. एक प्रत असलेल्यांचे स्मृतीच्या आणि विचारशक्तीच्या चाचण्यांतले गुण सरासरीनं जास्त आले. ‘बुद्धीचं जनुक सापडलं’ असे मथळे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते.

त्याच अभ्यासातली दुसरी बाब मथळ्यांत आली नाही. वय वाढतं तशी बुद्धी उतरते, त्या उतरणीचा वेग या लोकांतही कमी झाला नव्हता. त्यांची सुरुवात वरच्या पायरीवरून होती, उतरणं मात्र इतरांसारखंच. म्हणजे ‘म्हातारपण मेंदूला शिवत नाही’ हे वाक्य ज्या अभ्यासाच्या जोरावर फिरतंय, त्याच अभ्यासात ते खोटं ठरलंय.

आणखी एक गंमत बघा. एक प्रत चांगली तर दोन प्रती त्याहून चांगल्या, असं आपल्याला वाटेल. तसं होत नाही. दोन्ही प्रती त्याच प्रकारच्या असलेल्यांत फायदा दिसत नाही, आणि २००२ च्या एका अभ्यासात असे लोक नवजात बाळांत जितके होते त्या मानानं म्हाताऱ्यांत कमी आढळले. शिवाय नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत बुद्धीचा तो फायदा पुन्हा दिसला असंही नाही. काहींत दिसला, काहींत नाही. आता विचार करा, आईच्या अहवालात ‘एक प्रत आहे’ असं आलं तर तुम्ही काय वेगळं कराल? ‘नाही’ आलं तर काय कराल? दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या गोळ्या त्याच, गॅसची चिंता तीच. ज्या तपासणीच्या उत्तरानं पुढचं पाऊल बदलत नाही ती मी सहसा लिहून देत नाही.

गोळ्यांविषयी. क्लोथो हे मोठं प्रथिन आहे. पोटातून घेतलं तर माशाच्या तुकडीसारखं पचून जाईल. बुद्धीसाठी क्लोथोचं कोणतंही मान्यताप्राप्त औषध आज नाही, ना इंजेक्शन, ना गोळी. बाटलीवर ‘क्लोथो वाढवते’ असं छापलं म्हणून आत काय आहे ते कळत नाही. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या बाईला असलं अनोळखी चूर्ण देणं मला धोक्याचं वाटतं, विशेषतः मूत्रपिंडाच्या दृष्टीनं.

इंजेक्शनाचे प्रयोग मात्र खरोखर चालू आहेत, आणि मी ते लक्ष ठेवून वाचतो. २०२३ मध्ये म्हाताऱ्या ऱ्हीसस माकडांना, म्हणजे सरासरी २२ वर्षांच्या, माणसाच्या हिशेबात पासष्टीच्या आसपासच्या, कातडीखाली क्लोथोचा एकच डोस दिला. कुठल्या कप्प्यात खाऊ लपवला होता हे आठवायचं, अशी परीक्षा. ती माकडं त्यात सुधारली आणि निदान दोन आठवडे सुधारणा टिकली. पण ती कमी डोसाला टिकली. डोस वाढवला तर फायदा झाला नाही. ‘जास्त म्हणजे चांगलं’ हे गणित इथंही चुकलं.

क्लोथो तर रक्तातून मेंदूत शिरतच नाही. मग स्मरणशक्ती सुधारली कशी? त्याच वर्षी उंदरांवरच्या तीन निरनिराळ्या अभ्यासांत एक दुवा सापडला. एका गटानं क्लोथो दिलं होतं, दुसऱ्यानं तरुण उंदरांचं रक्त, तिसऱ्यानं उंदरांना पळवलं होतं. तिन्ही ठिकाणी रक्तातल्या प्लेटलेट्समधून सुटणारा एकच घटक वाढलेला मिळाला. डेंगीत ज्या मोजतात त्याच प्लेटलेट्स. तो घटक नुसता टोचला तरी म्हाताऱ्या उंदरांचं शिकणं सुधारलं. माणसात हे जमेल का, कधी जमेल, हे आज छातीठोकपणे कुणी सांगू नये. पण तिसऱ्या गटानं काही टोचलं नव्हतं, फक्त पळवलं होतं, ही गोष्ट मी माझ्या रुग्णांना नेहमी सांगतो. काही महिने नियमित व्यायाम केलेल्या माणसांच्या रक्तात क्लोथो वाढल्याचेही अभ्यास आहेत.

लाळेच्या तपासणीच्या जाहिरातीत बहुधा आणखी एक नाव असेल, ॲपो-ई. क्लोथोपेक्षा हे जनुक अल्झायमरच्या बाबतीत फार जास्त वजनाचं आहे, आणि तुमचा शेवटचा प्रश्न खरं तर याच्याविषयी आहे. १९ व्या गुणसूत्रावरच्या या जनुकाचे दोन, तीन आणि चार असे मुख्य प्रकार. आई-बापांकडून एकेक, म्हणून प्रत्येकाकडे दोन. १९९३ मध्ये कळलं की चार नंबरची प्रत असलेल्यांना उतारवयातला अल्झायमर जास्त होतो. युरोपीय वंशाच्या लोकांत एका प्रतीनं धोका साधारण तिप्पट, दोन प्रतींनी त्याहून पुष्कळ. पण सगळ्या समाजांत हा धोका सारखा नाही. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत आणि अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात एकाच पद्धतीनं पाहणी झाली, तेव्हा बल्लभगढला ही प्रत कमी लोकांत होती आणि अल्झायमरही कमी होता. चार नंबरची प्रत असूनही नव्वदीत वर्तमानपत्र वाचणारी माणसं असतात, आणि ती नसून अल्झायमर झालेलेही माझ्याकडे येतात.

पुण्याहून आलेल्या मजकुरात कदाचित असंही असेल की क्लोथोचा चांगला प्रकार ॲपो-ईचा धोका कमी करतो. २०२० च्या एका मोठ्या विश्लेषणात ६० ते ८० वयाच्या, चार नंबर असलेल्या लोकांत तसं काहीसं दिसलंय खरं. पण हे समूहांचं गणित आहे, एका बाईचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही.

जनुकांची तपासणी मी कधीच सांगत नाही असं समजू नका. घरात दोन-तीन पिढ्यांत लोक पन्नाशीच्या आसपास, किंवा त्याआधी, हरवत गेले असतील तर मी स्वतःहून विषय काढतो. तिथं वेगळी तीन जनुकं असतात, १, १४ आणि २१ या गुणसूत्रांवरची. त्यातला दोष आला तर आजार जवळजवळ येतोच. अशी घराणी फार थोडी, सगळ्या अल्झायमरमध्ये शंभरात एकसुद्धा नाही. दुसरा प्रसंग म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमिलॉइड नावाचं प्रथिन धुऊन काढणारी नवी इंजेक्शनं. ती देण्याआधी ॲपो-ई बघतात, कारण चार नंबरच्या दोन प्रती असलेल्यांच्या मेंदूत त्या औषधानं सूज आणि रक्तस्राव होण्याची भीती जास्त असते. दोन्ही वेळा तपासणीच्या आधी समुपदेशन, मगच रक्त. तुमच्या आईला सत्तरीनंतर त्रास सुरू झालाय. पहिल्या प्रकारात ती बसत नाही.

आता तुम्ही स्वतः. आधी कळलेलं बरं, असं तुम्ही म्हणता. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. अल्झायमरच्या रुग्णांच्या मुलांना ॲपो-ई सांगून बघितल्याचा अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, त्यात बहुतेकांना फारसा मानसिक त्रास झाला नाही. पण २०१४ चा एक लहान अभ्यास माझ्या मनातून जात नाही. चार नंबर असलेल्या काही वयस्कांना तो आहे हे सांगितलं होतं, काहींना नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी आपल्या स्मरणशक्तीला कमी गुण दिले, हे एकवेळ समजण्यासारखं आहे. पण प्रत्यक्ष परीक्षेतही ते मागे पडले. जनुक दोघांकडे तेच होतं. ज्यांनी ते ऐकलं होतं त्यांची आठवणच त्या ओझ्याखाली दबली. तुम्ही ४८ च्या आहात. चावी कुठं ठेवली ते विसरलात की ‘सुरू झालं’ असा विचार तुमच्या मनात आताही येत असणार. त्यावर कागदाचा शिक्का कशाला मारून घ्यायचा? कळूनही तुम्हाला जे करायचं ते न कळता करता येतंच. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांवर दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असा एकत्र प्रयोग झाला. त्याचा फायदा चार नंबर असलेल्यांनाही झाला.

आता आईकडे येतो. तिला पाहिल्याशिवाय निदान सांगणं बरं नव्हे. पण ती समोरच्या खुर्चीत बसली तर मी काय शोधेन ते सांगतो, म्हणजे तुम्हीही घरात त्याच नजरेनं बघाल.

पहिला प्रश्न: हे हळूहळू आलं की पायऱ्यापायऱ्यांनी? अल्झायमर सरपटत येतो. लहान लहान झटक्यांनी होणारा रक्तवाहिन्यांचा आजार थांबत थांबत येतो, एका महिन्यात अचानक खाली, मग काही काळ तसंच. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या बाईत हा दुसरा प्रकार, किंवा दोन्हींची सरमिसळ, पुष्कळदा मिळते.

दुसरा प्रश्न: पडली होती का? हा मी पावसाळ्यानंतर हटकून विचारतो. काही वर्षांपूर्वी सत्तरीच्या बाजूचे एक आजोबा आले होते. घरच्यांनी ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिलं होतं. दीड महिन्यात माणूस बदलला, दिवसा झोपायला लागला, धोतर नेसायचं विसरला. पडल्याचं कुणालाच आठवेना. शेवटी नातवानं सांगितलं, जुलैत अंगणातल्या शेवाळावरून घसरून बसले होते, डोकं तुळशीवृंदावनाला नुसतं लागलं होतं. सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्ताची जुनी साय दिसली. डोक्याला दोन लहान भोकं पाडून ते काढलं आणि आठव्या दिवशी आजोबांनी मला नावानिशी विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं. म्हाताऱ्या माणसाचा मेंदू थोडा आकसलेला असतो, शिरा ताणलेल्या असतात, एवढ्याशा धक्क्यानं त्या झिरपू लागतात आणि लक्षणं कित्येक आठवड्यांनी येतात.

तिसरं, औषधांची पिशवी. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ खाली जातं, आणि बी-१२ च्या कमतरतेत माणूस विसरभोळा होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, त्यांनी सोडियम उतरतं आणि माणूस गोंधळतो. वारंवार लघवीसाठी, खाज-सर्दीसाठी, झोपेसाठी दिलेल्या काही गोळ्या थेट स्मृतीवर बसतात. थायरॉइड, बी-१२, सोडियम, साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, इतकं आधी करून घ्या. यातलं शेवटचं जोडपं मूत्रपिंडाचं आहे. तुमच्या भावाला सांगा, आईच्या क्लोथोची काळजी करायची तर ती याच दोन आकड्यांपासून सुरू होते.

मग मी आईशी बोलेन. ती शाळेत किती गेली त्याप्रमाणे प्रश्न बदलावे लागतात. एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगा, ही नेहमीची चाचणी. गोव्यात बायकांना मी पुष्कळदा विचारतो, चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या माटोळीला काय काय बांधता? नारळ, पोफळीची शिपटी, केळ्यांचा घड, तोरंजन, चिबूड, आंबाडे, कवंडळ… चांगल्या मेंदूची बाई थांबतच नाही, डोळ्यांपुढं ती माटोळी असते आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडं ती वाचत जाते. आजार असेल तर तीन-चार नावांवर गाडी अडते, मग ‘नारळ’ पुन्हा येतो, आणि आपण तो आधी सांगितलाय हे तिला कळत नाही. ही पक्की मोजपट्टी नव्हे, मोजपट्टीची चाचणी मी वेगळी घेतोच. पण त्या पुन्हा आलेल्या नारळानं मला पुष्कळ सांगितलेलं आहे.

एक आजी आठवतात. महिना कुठला, सांगता येईना. मुलीचं नाव घेताना बहिणीचं घेत होत्या. देवीला फाती, म्हणजे फुलांच्या वेण्या, करायच्या असं मुलगी म्हणाली, म्हणून मी पुढच्या खेपेला अबोली आणि केळीच्या सोपटाचा दोर आणायला सांगितला. टेबलावर फुलं ठेवली मात्र, बोटं चालायला लागली. चार फुलं, दोराचा वेढा, अंगठ्यानं आवळणं, पुन्हा चार फुलं. मान वर न करता त्यांनी वीतभर फाती केली. बोटांची आठवण मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहते, तिथवर अल्झायमर उशिरा पोचतो. त्या दिवसापासून त्या घरात आजींना रोज सकाळी फुलं मिळू लागली आणि सकाळची चिडचिड बरीच कमी झाली. औषध मी बदललं नव्हतं.

कान तपासा. हे मी शंभरदा सांगतो आणि शंभरातले ऐंशी विसरतात. ‘आई ऐकत नाही’ आणि ‘आई विसरते’ यांची घरात सरमिसळ होते. जे नीट ऐकूच आलं नाही ते आठवणार कसं? २०२३ च्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात, धोका जास्त असलेल्या वयस्कांना श्रवणयंत्र आणि मार्गदर्शन दिलं, तेव्हा तीन वर्षांत त्यांच्या बुद्धीची घसरण जवळपास निम्म्यानं कमी झाली. ज्यांचा धोका मुळात कमी होता त्यांच्यात एवढा फरक दिसला नाही, हेही खरं. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगानं बदलता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं वाईट (एलडीएल) कोलेस्टेरॉल, नजर, एकटेपण अशी. ती सगळी आवरली तर जगातले साधारण ४५ टक्के डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारखे बुद्धी हरवत नेणारे आजार, टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. क्लोथोच्या कुठल्याही प्रकाराकडून इतक्याची आशा कुणी दाखवलेली नाही.

भाषांचा मुद्दा आपल्या गोव्याला विशेष लागू आहे. हैदराबादला ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा आला. कधी शाळेत न गेलेल्यांतही तो फायदा दिसला. दोनच्या वर आणखी भाषा आल्या तर आणखी फायदा, असं मात्र दिसलं नाही. घरात कोकणी, देवळात मराठी आरत्या आणि कीर्तन, बाजारात हिंदी, कुणाकुणाच्या आज्यांच्या तोंडी थोडी पोर्तुगीज, अशी आपली माणसं. आई आता कमी बोलते म्हणून तिच्याशी सगळ्यांनी कोकणीतच बोलायचं असं ठरवू नका. ती भजनी मंडळात जात असेल तर ते तोडू नका. गॅसच्या भीतीनं लोक म्हातारीला घरात बसवतात आणि सहा महिन्यांत ती आणखी खाली येते. गॅसला आपोआप बंद होणारा नॉब बसवा, दुपारी सिलिंडरचा कॉक बंद ठेवा, पण देवळाची वाट चालू राहू द्या, सोबत कुणीतरी द्या.

शेवटचं, तुमच्याविषयीच. डिमेन्शिया हा आपल्याकडे पुष्कळांना आजारच वाटत नाही. जुने लोक ‘नेर्व फ्राकेझ’ म्हणत, नसांची कमजोरी, आणि वयाचा भाग म्हणून सोडून देत. देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांना तो असावा असा २०२३ चा अंदाज आहे. गोव्यात वयस्कांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त, २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे ११ टक्क्यांहून अधिक होते. मुलं पुण्या-मुंबईला, आखातात, आणि घरी एक मुलगी किंवा सून. याच गोव्यात ८१ कुटुंबांवर एक अभ्यास झाला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्याच बायकांना थोडं प्रशिक्षण देऊन त्यांनी सहा महिने घरोघरी जाऊन सांभाळणाऱ्यांना समजावलं, वागणं कसं हाताळायचं ते दाखवलं, धीर दिला. सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं. म्हणून भावाला तपासणीचे पैसे पाठवायचे असतील तर त्याला सांगा, त्या पैशात आठवड्यातून तीन दुपारी आईजवळ बसायला एक बाई ठेव. त्या दुपारी तुम्ही बाहेर पडा, चाला, तुमचा स्वतःचा रक्तदाब मोजून घ्या. आईला मधुमेह आणि रक्तदाब आहे, त्यामुळे तो तुमच्याही वाट्याला यायची शक्यता पुष्कळ आहे, आणि तुमच्या ४८ व्या वर्षी मेंदूच्या दृष्टीनं सर्वांत हाताळण्याजोगी गोष्ट तीच आहे.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला, बंद केलेल्या आणि शेजारणीनं दिलेल्यासुद्धा. चष्मा विसरू नका. कधीपासून काय बदललं ते एका कागदावर तारखांसह लिहा, कारण आईच्या समोर ते बोलायला तुम्हाला जड जाईल. तो कागद आत गेल्यावर गुपचूप माझ्या किंवा जे डॉक्टर असतील त्यांच्या हातात द्या. शक्यतो सकाळची वेळ घ्या, दुपारनंतर अशी माणसं लवकर थकतात. आणि निघण्याआधी आईला सांगा, आपण कुठं चाललोय आणि का.